काठावरून ट्राउट: पूर्व सिएरातल्या तीन तळ्यांच्या प्रकल्प नोंदी

२२ मार्च, शनिवार. फ्रीमॉंट

हंगाम सुरू व्हायला महिनाभर आहे. त्याआधी प्रकल्प काय आहे ते लिहून ठेवतो.

कॅलिफोर्नियाच्या पूर्व सिएरात, ३९५ क्रमांकाच्या महामार्गाच्या पश्चिमेला उभ्या असलेल्या डोंगररांगेतल्या तळ्यांवर, काठावर उभं राहून स्पिनिंग रॉडने ट्राउट, म्हणजे थंड गोड्या पाण्यातले मासे, धरायचे. होडी नाही, मासे आणि खोली दाखवणारं सोनार यंत्र नाही, फ्लायचा (किड्यासारख्या हलक्या कृत्रिम आमिषाचा) रॉड नाही. मासे किती मिळाले याची नोंद दुय्यम. प्रत्येक मासा काठापासून किती अंतरावर, किती खोल, किती तापमानाच्या पाण्यात आणि दिवसाच्या कुठल्या वेळी लागला, हे मुख्य.

कारण असं. दरवर्षी उन्हाळ्यात आपली मंडळी मुलाबाळांना घेऊन तिथल्या मॅमथ लेक्स गावाला जातात, मासेमारीचा परवाना काढतात, दुकानातून एक चकचकीत स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) घेतात आणि भर दुपारी काठावर उभं राहून जमेल तितक्या लांब फेकतात. दोन तासांत मुलं कंटाळतात. मग चर्चा एकच, स्पून सोनेरी हवा होता की निळा. माझं मत आहे की रंगाचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आधी खोली, मग तापमान, मग वेळ. हे मत आकड्यांवर घासून बघायचं आणि हंगाम संपल्यावर मित्रांना देता येतील अशी मराठीतली दोन पानं तयार करायची.

तळी तीन निवडली आहेत, तीन वेगळ्या उंचींची. कॉन्व्हिक्ट लेक, सुमारे २,३०० मीटर, खोल, नैसर्गिक. लेक सब्रायना, सुमारे २,८०० मीटर, बिशप क्रीकवरचं धरणाचं तळं. लिहितात ‘सब्रिना’सारखं, पण तिथले लोक ‘सब्रायना’च म्हणतात. आणि लिटल लेक्स व्हॅली, रॉक क्रीकच्या वरची तळ्यांची माळ, सगळी ३,००० मीटरच्या वर. उंची वाढते तसा बर्फ उशिरा वितळतो, त्यामुळे एकच ऋतू तीनदा बघायला मिळेल.

बरोबर मेहुणा असेल. तो मालवणचा, खाडीत गरवत मोठा झालेला. पाण्याकडे बघायची त्याची नजर माझ्यापेक्षा जुनी आहे.

६ एप्रिल, रविवार

साहित्य ठरलं. साडेसहा फुटी अल्ट्रालाइट रॉड, १००० आकाराचं रीळ, त्यावर आठ पौंडी (तेवढा ताण सोसणारी) ब्रेडेड लाइन आणि पुढे दोन मीटर चार पौंडी फ्लुरोकार्बन. तळ्यांचं पाणी इतकं नितळ असतं की ब्रेडेड लाइन माशाला दुरून दिसते, म्हणून हा पुढचा तुकडा. दोन्हींच्या मध्ये डबल युनी गाठ.

आमिषं मोजकीच: कास्टमास्टर स्पून साडेतीन ग्रॅमचा आणि सात ग्रॅमचा, पॅंथर मार्टिन आणि मेप्स हे दोन स्पिनर, एक छोटा जिग (जड डोक्याचा गळ), आणि पारदर्शक फुगा, ज्यात पाणी भरून मागे फ्लाय बांधता येते. स्पिनर पाण्यात स्वतःभोवती फिरतो आणि लाइनला पीळ भरतो. तासाभरात रिळावर गुंतवळ तयार होते. त्यासाठी स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, हवंच, आणि ते लहानात लहान. सगळ्यांचे तीन तोंडी गळ काढून एकेरी लावले आणि पकडीने उलटे काटे दाबून सपाट केले. कायद्याने या तळ्यांवर तशी सक्ती नाही. पण मासा सोडायचा असेल तर तो पाण्यातल्या पाण्यात, हात न लावता सुटायला हवा.

दुपारी सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात बुडण्याचा वेग मोजला. खोल टोकाला अडीच मीटर पाणी आहे. सात ग्रॅमचा स्पून सुमारे पाच सेकंदांत तळाला गेला, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. साडेतीन ग्रॅमचा सात सेकंदांच्या आसपास. स्पिनर त्याहून थोडा हळू, कारण पडतानाही त्याचं पातं फिरतं. हे आकडे लाइन सैल असतानाचे आहेत, म्हणजे रिळाची बेल (लाइन अडवणारी तार) उघडी ठेवून. बेल बंद करून लाइन ताणली की स्पून सरळ खाली न जाता कमानीसारखा आपल्याकडे झुलत येतो. मग आपण मोजतो दहा आणि तो असतो सहाच्या खोलीवर. काठावरून खोली साधायची तर ही एक गोष्ट पक्की हवी.

मोजायचं कसं, तर ‘एक विठ्ठल, दोन विठ्ठल’. माझ्या लयीत साठ विठ्ठल म्हणजे घड्याळाचं जवळजवळ एक मिनिट. थंडीत बोटं आखडली तरी ही लय बिघडत नाही.

तापमानासाठी पाण्यात चालणारा अंगठ्याएवढा नोंदक घेतला आहे. तो सरकत्या फुग्याखाली बांधायचा, लाइनवर हव्या त्या खोलीला गाठीचा अडसर करायचा, जुन्या जाड रॉडने फेकायचा आणि दहा मिनिटं तसाच ठेवायचा. काठावरून १२ मीटर खोलीपर्यंतचं तापमान असं काढता येईल.

२६ एप्रिल, शनिवार. कॉन्व्हिक्ट लेक

हंगामाचा पहिला दिवस. इन्यो आणि मोनो या दोन काउंटींतल्या बहुतेक तळ्यांवर ट्राउटची मासेमारी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी उघडते आणि १५ नोव्हेंबरला मिटते. दिवसाला पाच मासे, जवळ बाळगायला दहा. सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला परवाना. टायोगाचा घाट अजून बर्फाखाली असल्याने टाहोच्या बाजूने वळसा घालून आलो.

इथे या दिवसाला सणाची कळा असते. पहाटे अंधारातच काठ भरलेला, कंदील, कॉफीचे थर्मास, आजोबा-नातवंडं. समोर माउंट मॉरिसनचा कडा. १८७१ साली कार्सन सिटीच्या तुरुंगातून पळालेले कैदी याच दरीत सापडले आणि चकमक झाली. तिच्यात पाठलाग करणाऱ्यांपैकी रॉबर्ट मॉरिसन मारला गेला. तळ्याला कैद्यांचं नाव आणि शिखराला त्याचं, असं दोन्ही इथे समोरासमोर आहे.

पाणी: पृष्ठभाग ५.५ अंश सेल्सियस, १० मीटरवर ४.५. म्हणजे वरपासून खालपर्यंत जवळजवळ एकच. अशा पाण्यात माशाला खोल जायचं कारण नसतं, आणि धावायची ताकदही नसते. हंगामासाठी नुकतेच सोडलेले रेनबो ट्राउट टोळीने काठालगत फिरत होते. लागलेले सगळे काठापासून आठ-दहा मीटरच्या आत आणि दोन मीटरपेक्षा कमी खोलीवर. वेग महत्त्वाचा ठरला. स्पिनरचं पातं जेमतेम फिरेल इतक्या हळू ओढलं तेव्हाच मासे आले. जरा जोरात ओढलं की मागे येणारा मासा मान वळवून निघून जाई. नितळ पाण्यात हे डोळ्यांनी दिसत होतं.

शेजारी एक गृहस्थ पूर्ण ताकदीने तळ्याच्या मध्यावर फेकत होते. मेहुणा माझ्या कानाशी म्हणाला, “भावोजीनू, मासे हंय पायाकडे असत, आणि ह्यांचो स्पून थंय.” थोड्या वेळाने त्याने जाऊन त्यांना अदबीने सांगितलं. दुपारपर्यंत त्यांच्याही दोरीत तीन मासे होते.

२४ मे, शनिवार. लेक सब्रायना

आज मासे कमी, पण काम मोठं झालं.

सब्रायना हे विजेसाठी बांधलेल्या धरणाचं तळं. हिवाळाभर पाणी सोडतात, आणि बर्फ वितळून पुन्हा भरेपर्यंत वसंतात ते खूप खाली असतं. आज तळाचा मोठा भाग उघडा होता. जुलैत जिथे आपण उभे राहतो त्या काठापासून खाली उतरत गेलो आणि सगळं पायाखाली घातलं: बुडालेले ओंडके, घराएवढे ग्रॅनाइटचे धोंडे, आणि जिथे सौम्य उतार संपून जमीन एकदम कोसळते ती कड. या कडेचे फोटो काढले, पुढे काठावर कायम दिसतील अशा खडकांशी आणि झाडांशी त्यांची दिशा जुळवली आणि अंतरं पावलांनी मोजली. एक कड जुलैच्या काठापासून फक्त १८ पावलांवर आहे, दुसरी ४० वर. दुसरीपर्यंत माझा साडेतीन ग्रॅमचा स्पून वाऱ्याविरुद्ध पोचणार नाही, सात ग्रॅमचा पोचेल.

काठावरच्या माणसाला सोनार नसतो, पण धरणाच्या तळ्यावर वर्षातून एकदा निसर्ग आणि वीजकंपनी मिळून तळ उघडा करून दाखवतात. ज्यांना उन्हाळ्यात एकाच तळ्यावर पुन्हा पुन्हा जायचं आहे त्यांनी मे महिन्यातली एक फेरी फक्त चालण्यासाठी ठेवावी. रॉड गाडीत राहिला तरी चालेल.

२१ जून, शनिवार. लिटल लेक्स व्हॅली

टायोगा घाट उघडला आहे. रॉक क्रीकचा रस्ता जिथे संपतो तो मॉस्किटो फ्लॅट जवळपास ३,१०० मीटरवर आहे. समुद्रसपाटीवरून थेट आलं की पहिल्या चढालाच छाती भरते. काल रात्री मुद्दाम खाली रॉक क्रीकच्या कॅम्पच्या तळावर मुक्काम केला, पाणी भरपूर प्यायलो, आणि आज डोकं दुखलं नाही. डास मात्र नावाला जागले.

मॅक, मार्श, हार्ट, बॉक्स अशी एकामागून एक तळी. खालच्या तळ्यांवरचा बर्फ गेलेला. वर चिकनफूट लेकवर अजून करडा, सच्छिद्र बर्फ आणि काठालगत चार-पाच मीटरची उघड्या पाण्याची पट्टी.

या पट्टीसाठीच इथे आलो होतो. पाणी सगळ्यात जड असतं ४ अंशाला, त्याहून थंड झालं की हलकं होऊन वर येतं. त्यामुळे हिवाळ्यात बर्फाखाली शून्याजवळचं पाणी वर आणि ४ अंशाचं खाली असतं. वसंतात उन्हाने काठचे काळे खडक तापतात, काठालगतचं उथळ पाणी सात-आठ अंशांवर जातं, तिथे किडे जागे होतात आणि महिनोन्महिने उपाशी असलेले मासे पट्टीत येतात. आज नोंदकाने पट्टीत ७.५ दाखवलं, बर्फाच्या कडेला ३.

मासे ब्रूक ट्राउट. नाव ट्राउट असलं तरी हा ‘चार’ (char) नावाच्या माशांच्या गटातला: गडद अंगावर फिकट ठिपके, पाठीवर किड्यांनी कोरल्यासारखी नक्षी, आणि खालच्या परांच्या पुढच्या कडेला पांढरी शुभ्र रेघ. ही रेघ नितळ पाण्यात आधी दिसते, मासा नंतर. काठाशी काटकोनात फेकायचं नाही. काठापासून दोन पावलं मागे, झुडपाआड उभं राहायचं आणि काठाला समांतर फेकायचं. स्पून पट्टीतून जाताना पूर्ण वेळ माशांसमोर राहतो. बर्फाच्या कडेवर स्पून अलगद टाकून मग पाण्यात ओढून घेतला तेव्हा दोनदा तो पडताक्षणी झडप आली.

इथले ब्रूक संख्येने फार आणि आकाराने लहान. अन्न कमी आणि तोंडं जास्त, त्यामुळे डोकं मोठं आणि अंग बारीक राहतं. अशा तळ्यातले दोन-चार खाण्यासाठी नेल्याने नुकसान होत नाही. संध्याकाळी तळावर कोकम, हळद, तिखट-मीठ लावून तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकले. आतडी-कातडी पिशवीत बंद करून अस्वलांसाठीच्या लोखंडी पेटीत ठेवली आणि सकाळी बरोबर नेली.

१९ जुलै, शनिवार. कॉन्व्हिक्ट लेक

प्रकल्पाचा गाभा आजच्या पानावर आहे, म्हणून सविस्तर.

सकाळी ७ वाजता, पश्चिमेकडच्या उभ्या खडकावरून नोंदक टाकून घेतलेले आकडे: पृष्ठभाग १६.५, ३ मीटरवर १६, ६ मीटरवर १४.५, ८ मीटरवर ११.५, १० मीटरवर ९.५, १२ मीटरवर ८. सहा ते दहा मीटरच्या मध्ये पाच अंश घसरले. हाच तो थर जिथे वरचं कोमट पाणी संपतं आणि खालचं थंड सुरू होतं. एप्रिलमध्ये नव्हता, आता आहे.

ट्राउटला सोयीचं पाणी साधारण १० ते १६ अंश. १९-२० च्या वर त्याला जाच होऊ लागतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने मुळातच कमी मावलेला असतो. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के असतो आणि पाण्यातला प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. म्हणून डोंगरातल्या तळ्यात ‘फार तापलेलं नाही’ असं वाटणारं पाणीसुद्धा माशाला दमवतं.

आता मासे. उजाडल्यापासून ऊन पाण्यावर येईपर्यंत ते काठाजवळ, दोन-तीन मीटरवर होते. रात्रीच्या किड्यांवर ताव मारायला वर आलेले. ऊन पडलं आणि काठ अर्ध्या तासात रिकामा झाला. याच वेळी बहुतेक कुटुंबं येतात. साडेनऊनंतर सात ग्रॅमचा स्पून खडकावरून समोर टाकून, बेल उघडी ठेवून मोजत गेलो. आठ विठ्ठलांवर काही नाही. दहावर काही नाही. बारावर एक हलका धक्का. चौदा ते सतरा या पट्ट्यात मात्र एकामागून एक. सेकंदाला अर्धा मीटर धरला तर सात ते साडेआठ मीटर, म्हणजे नेमका तो बदलाचा थर, तापमान ११ ते १३. वीसच्या पुढे पुन्हा शांतता.

मग रंग बदलून पाहिले. सोनेरी, रुपेरी, निळा-रुपेरी, आणि एक जुना, रंग उडालेला. चौदा ते सतरावर चारही चालले. आठवर एकही नाही. हे मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो आहे.

ओढण्याबद्दल: स्पून सरळ ओढला की वर उठतो आणि पाच-सहा मीटर आल्यावर थराच्या बाहेर जातो. त्यासाठी तीन-चार फेरे गुंडाळायचे, थांबायचं, दोन विठ्ठल पडू द्यायचा, पुन्हा गुंडाळायचं. निम्म्याहून जास्त मासे पडताना लागले. पडताना धक्का हाताला कळत नाही. लाइन एकाएकी सैल होते किंवा बाजूला सरकते, तेच बघायचं.

ट्राउटची हवेची पिशवी घशाशी जोडलेली असते, तो हवा तोंडावाटे सोडू शकतो. त्यामुळे आठ मीटरवरून वर आणल्याने त्याला इजा होत नाही. त्याला त्रास देतं ते वरचं कोमट पाणी आणि लांबलेली झुंज. चार पौंडी लाइनवर शक्य तितक्या लवकर जवळ घेतला, पकडीने गळ फिरवला, मासा पाण्यातच राहिला. आज एकही हातात धरला नाही.

२० जुलै, रविवार. कॉन्व्हिक्ट लेक, तळ्याचं वरचं टोक

काल दुपारी दीडनंतर नेहमीप्रमाणे दरीतून खाली वारा सुटला. नैर्ऋत्येकडून, म्हणजे ओढा जिथे तळ्यात येतो त्या बाजूकडून गाड्या लावतात त्या बाजूकडे. आज सकाळ-दुपार दोन्ही टोकांना तापमान घेतलं. वाऱ्यानंतर गाड्यांच्या बाजूला पृष्ठभाग १७.५, वरच्या टोकाला १४. वारा कोमट पाण्याची साय ढकलत खालच्या काठावर जमा करतो आणि वरच्या टोकाला खालचं थंड पाणी वर येतं. उन्हाळी दुपारी गाडीजवळ उभं राहणाऱ्याला सगळ्यात कोमट पाणी मिळतं ते असं.

वरच्या टोकाला लाकडी पायवाटेपलीकडे कॉन्व्हिक्ट क्रीक येतो, आज ९ अंशांचा. हे पाणी तळ्यात शिरल्यावर वर पसरत नाही, थोडं पुढे जाऊन कोमट पाण्याखाली बुडी मारतं. जिथे बुडी मारतं तिथे फेस, परागकण आणि काटक्यांची एक रेघ तरंगताना दिसते. मेहुण्याने ती माझ्याआधी ओळखली. खाडीत भरतीचं पाणी नदीच्या पाण्याला भेटतं तिथे अशीच रेघ असते, म्हणाला, आणि मासा रेघेखाली. आम्ही स्पून ओढ्याच्या प्रवाहात टाकून थंड पाण्याबरोबर खाली वाहू दिला, अजिबात न ओढता. तीन-चार मीटरवर मोठा ब्राउन ट्राउट लागला, तांबूस ठिपके, पिवळं पोट. भर दुपारी तीन वाजता. उन्हाळी दुपारी काठावरून मासा हवा असेल तर थंड ओढ्याचं तोंड गाठावं, मुलांना चालायला लागलं तरी.

९ ऑगस्ट, शनिवार. ब्लू लेकची वाट

सब्रायनाच्या काठाने वर चढत सुमारे पाच किलोमीटरवर ब्लू लेक. आज मोजमाप थोडं आणि विचार जास्त.

सिएराची उंचावरची बहुतेक तळी मुळात मासेरहित होती. हिमनद्यांनी कोरलेली, धबधब्यांच्या वरची, तिथे मासा पोचायला वाटच नव्हती. आज जे मासे आहेत ते माणसाने नेलेले, किंवा त्यांचे वंशज. सोनेरी ट्राउट मूळचे कर्न नदीच्या डोंगरी प्रवाहांचे. १८७६ साली त्यांतले काही कॉफीच्या किटलीतून कॉटनवुड क्रीकमध्ये नेले गेले आणि तिथून पुढे पसरले. १९४७ पासून तो कॅलिफोर्नियाचा राज्यमासा आहे. पुढे खेचरांच्या पाठीवरच्या डब्यांतून आणि दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांतून पिल्लं सोडली गेली.

याची किंमत पिवळ्या पायांच्या बेडकांनी दिली. उंचीवर उन्हाळा छोटा, त्यामुळे या बेडकाच्या पिल्लांना मोठं व्हायला दोन ते चार वर्षं लागतात. तेवढे हिवाळे काढायला तळापर्यंत न गोठणारं खोल तळं लागतं, आणि नेमक्या त्याच तळ्यांत ट्राउट सोडले गेले. वरून बुरशीचा रोग आला. २०१४ साली हा बेडूक संकटग्रस्त म्हणून अमेरिकी केंद्र सरकारच्या यादीत गेला. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात १९९१ नंतर मासे सोडणं थांबलं आहे, आणि तिथल्या व सेक्वोया-किंग्ज कॅन्यनच्या काही तळ्यांतून जाळी लावून मासे काढले जातात. जिथे काढले तिथे बेडूक परतल्याचं दिसलं आहे.

मला ट्राउट फार प्रिय आहे, आणि तरीही वाटतं की ही तळी मोकळी करणं योग्य आहे. रस्त्यालगतच्या तळ्यांवर आपल्याला भरपूर जागा आहे. दोन पानांत हे मी लिहिणार आहे: कुठलाही जिवंत मासा एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात न्यायचा नाही, आमिष म्हणूनही नाही. आणि बेडूक दिसला तर त्या तळ्यावर गळ टाकायचा नाही.

ब्लू लेकवर संध्याकाळी मासे पृष्ठभागावर किडे टिपत होते. तेव्हा स्पूनचा उपयोग नसतो. पारदर्शक फुगा अर्धा पाण्याने भरला, दीड मीटर मागे छोटी काळी फ्लाय बांधली, माशांनी उठवलेल्या वलयांच्या पलीकडे टाकून हळू ओढली. स्पिनिंग रॉडवाल्याला फ्लायच्या वेळेत सामील व्हायचा हा चांगला रस्ता आहे.

दुपारी गडगडाट झाला तेव्हा रॉड खाली ठेवून खडकांच्या सखल भागात तास काढला. ग्रॅफाइटचा रॉड विजेला वाट देतो. ऑगस्टमध्ये एक वाजेपर्यंत उघड्या काठावरून निघावं, ढग पांढरे असले तरी.

२७ सप्टेंबर, शनिवार. लेक सब्रायना

अ‍ॅस्पेन पिवळे झाले, रस्ताभर कॅमेरे. मे महिन्यात पावलांनी मोजलेली १८ पावलांवरची कड आज पुन्हा उपयोगी पडली, जुलैतही पडली होती. पृष्ठभाग १२, १० मीटरवर ११. थर मोडत चालला आहे. मासे कडेच्या वरच्या उथळ भागात दिवसभर, खोली तीन मीटरच्या आत. कडेवरून स्पून ओढून आणताना जिथे तळ वर चढतो तिथे एक क्षण थांबवला की लागायचा.

१८ ऑक्टोबर, शनिवार. कॉन्व्हिक्ट लेक

पृष्ठभाग १०, १२ मीटरवर ९.५. तळं पुन्हा ढवळलं गेलं. एप्रिलचं चित्र परत आलं, फरक इतकाच की मासे आता धष्टपुष्ट आणि वेगवान आहेत. सात ग्रॅमचा स्पून वेगाने ओढला तरी पाठलाग करतात.

ब्राउन ट्राउट अंडी घालायला ओढ्याच्या तोंडाशी जमू लागले आहेत. लाकडी पायवाटेवरून ते स्पष्ट दिसतात: नर खालचा जबडा वाकडा झालेले, मादी शेपटीने खडी साफ करत. साफ केलेल्या खडीचे फिकट गोल तळाशी उठून दिसतात. तिथे आम्ही गळ टाकला नाही आणि ओढ्यात पायही घातला नाही, कारण त्या खडीखाली अंडी असतात आणि एका पावलाने ती चिरडतात. एका मुलाला मेहुण्याने ते गोल दाखवले, तो वडिलांना ओढत घेऊन आला. दोघं बराच वेळ वाकून बघत होते.

९ नोव्हेंबर, रविवार. फ्रीमॉंट

साहित्य आवरलं. बूट, जाळं आणि नोंदकाची दोरी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली. ओवेन्स नदीत न्यूझीलंडची चिखलगोगलगाय शिरलेली आहे, ती जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि ओल्या बुटातून एका पाण्यातून दुसऱ्यात जाते. गोठवल्याने मरते. फ्लुरोकार्बनचे तुकडे टाकून दिले, ब्रेडेड लाइन रिळावर उलटी गुंडाळली, म्हणजे न वापरलेलं टोक पुढे आलं.

दोन पानं लिहून झाली. मधोमध तक्ता, तळ्यांची नावं न देता पाण्याच्या अवस्थेप्रमाणे. बर्फ नुकता गेलेला किंवा पाणी ८ अंशांखाली: काठाला समांतर, दोन मीटरच्या आत, अतिशय हळू. थर पडलेला, पृष्ठभाग १५ च्या वर: पहाटे काठ, ऊन पडल्यावर उभा खडक किंवा कड, सात ग्रॅम, बारापासून मोजायला सुरुवात आणि दोन-दोनने वाढवत जाणं, दुपारी ओढ्याचं तोंड. पृष्ठभाग १९ च्या वर: गळ टाकू नये, पोहावं. शरदात पुन्हा काठ, वेग जास्त, ओढ्यापासून दूर. आमिषाच्या रंगाला तक्त्यात रकाना दिलेला नाही.

मेहुण्याने वाचून एक दुरुस्ती सुचवली: मुलांसाठी वेगळी ओळ हवी, त्यांना बेल उघडी ठेवून मोजायला शिकवणं फेकायला शिकवण्याआधी. घातली. नोंदक सध्या त्याच्याकडे दिला आहे. इन्यो-मोनोची तळी पुढच्या शनिवारी मिटतील, पण खालच्या भागातले जलाशय वर्षभर उघडे असतात, आणि त्याला हिवाळ्यात थराचं काय होतं ते बघायचं आहे.